ओहोटीच्या तिथीला

हरिहरेश्वरच्या किनाऱ्याचा एक ठरलेला फोटो आहे. पुढे काळा कातळ, त्यावर फुटलेली लाट, मागे समुद्रात बुडणारा सूर्य. नवापुरातल्या माझ्या स्टुडिओतही तो मोठा करून लावलाय आणि गिऱ्हाइकांना आवडतो. फोटो वाईट नाही. फक्त तो पाहून पाणी चढतंय की उतरतंय हे कळत नाही, आणि त्या कातळावर कोणी राहतं का, हेही कळत नाही. खडकाळ किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. कोण कुठे राहणार, हे पाणी ठरवतं. म्हणून ज्या फोटोत पाण्याची वेळ दिसत नाही, तो मला किनाऱ्याचा फोटोच वाटत नाही.

पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, स्टुडिओला उसंत मिळते. तेव्हा मी निघतो. नवापूरला जवळचा समुद्र सुरतेचा, पण तो किनारा गाळाचा. खडक हवा तर मुंबई ओलांडून कोकण रेल्वेने माणगाव आणि पुढे म्हसळ्यावरून एसटी. एवढा प्रवास करून पोचतो ते ओळखीच्याच दगडाजवळ. आमच्या रंगावली नदीच्या पात्रात असतो तोच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धुळे-नंदुरबारकडे तो लाव्हा ज्या भेगांत थिजला, त्या आज सरळ रांगांनी उभ्या टेकड्या होऊन दूरवर गेलेल्या दिसतात. हरिहरेश्वरला त्याच दगडाचं समुद्राने वेगळं काहीतरी केलंय. लाटांनी डोंगराचा पायथा कापत नेऊन खाली सपाट ओटा घडवला. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. वरच्या कड्यात खारं पाणी मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक दगडाचा कण न् कण सुटा करतात आणि जाळीदार छिद्रं पडत जातात. देवळामागून पायऱ्या उतरून जो प्रदक्षिणेचा मार्ग जातो, तो या ओट्यावरूनच. भरती असली की तो पाण्याखाली असतो, त्यामुळे तिथे देवाला प्रदक्षिणा घालायची तरी आधी समुद्राला विचारावं लागतं.

समुद्राला विचारायचं म्हणजे तिथी पाहायची. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापासून सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईच्या दक्षिणेला भरती जरा आधी लागते, त्यामुळे थोडं पुढेमागे धरायचं. नेमकी वेळ हवी तर भरतीचं छापील कोष्टक असतंच. पण या पाऊणपटीत फोटोग्राफरसाठी एक भेट दडलेली आहे. प्रतिपदेचा हिशेब केला तर भरती पाऊण वाजता येते, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाच्या आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती उधाणाची असते, म्हणून ओहोटीही खोल जाते. एरवी पाण्याखाली असलेला कातळ नेमका कोवळ्या उजेडाच्या वेळी उघडा पडतो. अष्टमीला उलट. भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, ओहोटी जेमतेम, आणि तीही भर दुपारी, ओल्या दगडावर डोळे दिपवणारी चकाकी असताना. कॅमेऱ्यातलं लाइट मीटर प्रकाश मोजतं. खडकाळ किनाऱ्यावरचं पहिलं मीटर मात्र भिंतीवरचं कालनिर्णय असतं.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सगळे संध्याकाळी येतात. मला सकाळ जास्त उपयोगी पडते. सूर्य डोंगरामागे असतो, कातळावर बराच वेळ सावली राहते, आणि त्या मऊ प्रकाशात काळ्या दगडाचे खरे रंग दिसतात. काळा म्हणतो त्यात हिरवं शेवाळ असतं, गंजाचा तांबडा असतो, मिठाचा पांढरा असतो. लेन्सवर पोलरायझर लावतो, पण अर्धाच फिरवतो. पूर्ण फिरवला तर डबक्याचा तळ स्वच्छ दिसतो, पण कातळाची सगळी चमकही जाते आणि नुकताच पाण्याबाहेर आलेला दगड महिनाभर कोरडा असल्यासारखा दिसू लागतो. शटरचंही तसंच. तीस सेकंद उघडं ठेवलं की समुद्राचं धुकं होतं. अर्धा सेकंद ठेवलं तर परत जाणाऱ्या पाण्याच्या रेघा दगडावर उमटतात आणि पाणी कुठून कुठे गेलं ते वाचता येतं.

आता राहणाऱ्यांकडे, पण आधी त्यांच्या हद्दीकडे. नवापूर स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात आहे, काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर तर मधोमध हद्दीची रेघ आहे आणि लोक दोन राज्यांत बसून फोटो काढतात. जमीन आणि समुद्राची हद्द अशी रंगवून ठेवता येत नाही. ती रोज दोनदा चढते, दोनदा उतरते आणि रोज वेगळ्या जागी थांबते. मधल्या पट्ट्यातल्या जिवांना दोन्हीकडचे कायदे पाळावे लागतात: काही तास माशासारखं जगायचं, काही तास उन्हात तोंड मिटून बसायचं. कोणाला किती तास झेपतात त्यावर त्याची पायरी ठरते. सगळ्यात वर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे वाटाण्याहून लहान शंख भेगांमध्ये दाटीने बसलेले. त्याखाली कातळाला चिकटून राहणारे, कवचाचे बार्नेकल. त्याखाली कालवं. आणखी खाली, क्वचितच उघड्या पडणाऱ्या डबक्यांत, समुद्रफुलं आणि रंगीत शेवाळं. 1961 साली जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर राहणाऱ्या जातीला खाली जगता येत नाही असं नव्हतं. खाली शेजारची जात तिला जागाच देत नव्हती. वरची हद्द ऊन आखतं, खालची शेजारी.

हे समजल्यावर माझी लेन्स बदलली. मॅक्रोने कालवाचा फोटो सुंदर येतो, शिंपल्याची कड न् कड दिसते. पण मागे सगळं धूसर. ते कालव हरिहरेश्वरचं की काचेच्या टाकीतलं, कळणार कसं? म्हणून मी वाइड लेन्स लावून त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसतो. छिद्र अकरावर, फोकस कालवावर. वरच्या बाजूला बार्नेकलचा पांढुरका पट्टा, खाली सरकत गेलेलं पाणी आणि दूर सावित्री नदीच्या मुखापलीकडचा बाणकोटचा डोंगर, सगळं एका चौकटीत. देखावा आणि जीव वेगळे काढायची गरज उरत नाही.

बसायचं कसं, हेही शिकण्यासारखं आहे. कालवांची कड पात्यासारखी असते, गुडघ्याखाली जुन्या जीन्सची घडी लागतेच. सावली मागे पडेल अशा बाजूने जायचं, कारण बार्नेकलवर नुसती सावली सरकली तरी तो दार लावून घेतो. शंखात राहणारा खेकडा चाहूल लागताच आत जातो, पण माणूस गप्प बसला की पाय काढतो, मग डोळे. दगड उलटला तर खालच्या जिवांना ऊन मारतं. उलटलाच तर होता तसा परत ठेवायचा. मी उलटतच नाही. चौकट साधण्यासाठी जीव हलवायचा नाही, हा नियम पाळला की चौकट शोधायला आपोआप जास्त वेळ द्यावा लागतो.

पक्ष्यांचा हिशेब निराळा. नवापुरात पक्षी म्हणजे पोल्ट्री: वजन, भाव, खाद्य. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडच्या कोंबड्यांत सापडला, लाखो पक्षी मारावे लागले, आणि तेव्हा संशय स्थलांतरित पक्ष्यांवरही गेला. त्यामुळे लडाख-तिबेटाकडच्या सरोवरांवरून हिवाळ्यात येणारे तपकिरी डोक्याचे कुरव पाहताना मी आजही आधी अंतर मोजतो. ते उडाले तर फोटो थरारक येतो, पण विश्रांतीला बसलेला थवा उडवणं म्हणजे त्याची ताकद खर्च करणं. समुद्रबगळा मात्र स्वतःच जवळ येतो. ओहोटीबरोबर तो खाली सरकतो, डबक्यात अडकलेल्या माशांवर टपतो. याची राखी-काळी आणि पांढरी अशी दोन्ही रूपं एकाच कातळावर दिसतात आणि दोघांना एक एक्स्पोजर चालत नाही. काळ्या कातळामुळे कॅमेरा फसतो, चित्र उजळ करतो आणि पांढऱ्या बगळ्याची पिसं पांढऱ्या डागात विरून जातात. तिथे स्टॉप-दीड स्टॉप उतरवावा लागतो. राखी बगळ्याला तेवढंच उतरवलं तर तो कातळात हरवतो. झडप टिपायची तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर.

या सगळ्यात डोळा व्ह्यूफाइंडरला असतो आणि समुद्र पाठीशी. कालवं काढणाऱ्या एका मावशींनी मला दुरूनच हाक मारली होती, “दादा, पाणी फिरलं!” मला काहीच फिरलेलं दिसत नव्हतं. त्यांनी डबक्याच्या काठाकडे बोट दाखवलं. मघाशी बाहेर वाहणारी बारीक धार आता आत येत होती. तेव्हापासून दर थोड्या वेळाने मी कॅमेरा खाली घेऊन अशी एक धार पाहतो. सुरक्षेसाठी तर पाहतोच, पण चौकट ठरवतानाही तीच धार कामाला येते.

घरी आल्यावर फोटोंची नोंद करायची पद्धतही त्यातूनच बदलली. कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख आणि मिनिट लिहितो, पण त्यातून पाणी किती होतं हे कळत नाही. मी फोल्डरना नाव देतो: पौष वद्य प्रतिपदा, सकाळची ओहोटी, पाणी उतरतं. आत फोटो पायऱ्यांनी लावलेले: तुषारांची, बार्नेकलची, कालवांची, डबक्यांची. पुढच्या पौषात तीच तिथी, तीच पायरी आणि तोच दगड शोधून पुन्हा फोटो काढता येतो. मग दोन्ही शेजारी ठेवले की कालवं वर सरकली की खाली, बार्नेकलनी किती जागा घेतली, हे साध्या डोळ्यांनी मोजता येतं. स्टुडिओत लावलेल्या सूर्यास्ताला अजून मागणी आहे, तो मी छापूनही देतो. पण तो कुठल्या तिथीचा, हे मला आज सांगता येत नाही, आणि म्हणून त्याच्या शेजारी ठेवायला माझ्याकडे दुसरा फोटो नाही.