एका इंग्रजाची बाराखडी

मैत्रिणींनो, आज एक कबुली देते. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. मागच्या सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आजी, माझी पुस्तक कुठे आहे?" मी फटकन बोलून गेले, "अगं, पुण्याची ना तू? 'माझी' काय, 'माझं' म्हण!" तेही चार पाहुण्यांदेखत. पोर गप्प झाली आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी मराठी बोललीच नाही.

नेमकं त्याच दिवसांत कपाट आवरताना फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' हाती आलं. शांताराम बंडेलूंनी संपादलेली ही देवनागरी प्रत १९५६ साली आपल्या पुण्यातच, प्रसाद प्रकाशनानं काढली.

हा टॉमस स्टीफन्स पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला इंग्रज. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. वाटेत माणसांच्या हिरड्या कशा सुजतात, समुद्रात मासे कसले कसले दिसतात, सारं त्यानं वडिलांना पत्रानं कळवलं. तेव्हा वय तिशीच्या आसपास. त्या वयात गडी कोकणी आणि मराठी शिकायला बसला! १५८३ साली भावाला लिहिलं, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे आणि अक्षरं स्वरांगणिक रूप पालटतात. म्हणजे आपली बाराखडीच की हो! सर विल्यम जोन्सनं संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं जाहीर सांगितलं ते १७८६ साली, दोनशे वर्षांनी.

त्याच पत्रात नारळाच्या झाडाचं कौतुक आहे. तेल, गूळ, शिर्का, दोर, पावसात डोक्यावर छप्पर, एवढंच काय, लोहाराला करवंटीचा कोळसासुद्धा. एका झाडातून किती गोष्टी निघतात याची यादीच दिली आहे त्यानं. परक्या मुलखात हा माणूस डोळे उघडे ठेवून वावरला.

तो धर्मप्रसारासाठी आला होता, हे विसरून चालायचं नाही. त्याच्याआधीच साष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला रक्तही सांडलं. पण लोकांना सांगायचं तर त्यांच्या भाषेत, त्यांच्या सवयीच्या छंदात सांगावं, हे शहाणपण त्याच्यापाशी होतं. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला पुराण हवं होतं. यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं, त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आणि मराठीची थोरवी गायली. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी! १६१६ साली ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.

पुस्तक मिटलं आणि मनात आलं, याची पहिली वाक्यं काय बिनचूक असतील? तेव्हा कुणी चारचौघांत हसून त्याला गप्प केलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी मी नातीला शिकवायला बसवलं नाही. नारळ सोलायला घेतला आणि तिला हाक मारली. सोडण, काथ्या, करवंटी, खोबरं, एकेक वस्तू तिच्या हातात देत गेले. खराट्याच्या काड्या झावळीच्या हिरांच्या असतात, हे ऐकून तिला भारी नवल वाटलं. मग म्हणाली, "आजी, हा करवंटी मला दे."

जीभ शिवशिवली हो, खोटं कशाला बोलू! पण आवरली. म्हटलं, "घे, ही करवंटी तुलाच. हिचं काय करू या?"

"ही करवंटी धुऊ या," ती म्हणाली.

तुमच्याही घरी असं नातवंड असेल. चूक झाली तर टोकू नका. पुढच्या वाक्यात आपणच तो शब्द बरोबर म्हणा. आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. माझ्या घरी ती करवंटी आता खिडकीत आहे, त्यात आम्ही दोघींनी ओवा लावलाय.