पाचवा उद्गार

उपासना संपल्यावर मी चटया गुंडाळत होते, तेवढ्यात पाळकसाहेबांनी एक चिठ्ठी हातात ठेवली. उत्तम शुक्रवार, पाचवा उद्गार आणि खाली माझं नाव.

"पाळकसाहेब, मला नाही जमायचं. दुसऱ्या कुणाला सांगा."

"ताई, सगळ्यात छोटा उद्गार दिलाय तुम्हाला. आधी प्रार्थना करा, मग सांगा."

आमच्या नगरच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना चालते. प्रभूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यात शिक्षक असतात, शेतकरी असतात. मी नर्स. बावीस वर्षं वॉर्डात काढली. रात्री दोनला डॉक्टरांना उठवताना माझा आवाज कधी कापला नाही. पण दहा माणसं गप्प बसून माझ्याकडे बघू लागली की तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते. आठवीत पंधरा ऑगस्टच्या भाषणात दुसऱ्याच वाक्याला अडकले होते. बाईंनी माइक काढून घेतला आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. तेव्हापासून साखळी प्रार्थनेतही माझी पाळी आली की मी शेजारणीचा हात हळूच दाबायचे, म्हणजे तिने सुरू करावं. मंडळीतल्या बायकांना हे ठाऊक होतं. कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या रात्री सासूबाईंनी मला निर्गमाचा चौथा अध्याय वाचायला लावला. मोशे जड जिभेचा, ही सबब त्याने देवापुढेही मांडली. देवाने त्याची जीभ तिथल्या तिथे मोकळी केली नाही. रागावला, पण पाठवलंच, आणि जोडीला भाऊ अहरोन दिला.

"मी तिसऱ्या बाकावर बसेन," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघ."

मग योहानाचा एकोणिसावा अध्याय काढला. "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार चार शुभवर्तमानांपैकी फक्त इथेच आहे. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द, असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. वाचता वाचता थांबले. रात्रभर झोप नाही, फटके, रक्त गेलेलं. अशा माणसाचं तोंड कसं होतं ते मी रोज बघते. प्रभूच्याही तोंडात तेव्हा ओल नव्हती. तरी तो बोलला, आणि त्यानंतर आणखी दोनदा बोलला. मी मात्र तोंड कोरडं पडतं म्हणूनच इतकी वर्षं गप्प राहिले होते. भीती काढून टाक, असं मी मागितलंच नाही. या कोरड्या तोंडाने मला बोलू दे, एवढंच मागितलं.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. पांढऱ्या साड्यांनी बाकं भरली होती. पुलपीटवर चढले आणि जीभ चिकटलीच. कागदावरची अक्षरं दिसेनात. तिसऱ्या बाकाकडे बघितलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

मग कागद सोडला आणि वॉर्डातलं सांगितलं. ऑपरेशननंतर पेशंटला पाणी देता येत नाही, तेव्हा मी ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपते. एका आजोबांच्या ओठांवर पांढरी सालपटं आली होती. कापूस लावला तर त्यांनी तो ओठांत घट्ट धरला आणि दोन बोटांनी माझं मनगट पकडलं. सोडेनात. "प्रभूलाही अशीच तहान लागली होती," मी म्हणाले, "आणि कुणीतरी आंबेत भिजवलेला स्पंज त्याच्या तोंडाशी नेला." पुढचं बोलताना आवाज कापत होता. कापू दिला. सहा-सात मिनिटं झाली असतील.

नंतरच्या बुधवारी एका घरी प्रार्थनासभा होती. साखळी फिरत माझ्यापर्यंत आली. शेजारच्या बाईने सवयीने आपला हात माझ्याजवळ सरकवून ठेवला होता. मी तो धरला, दाबला नाही. तोंड कोरडंच होतं. "हे देवबापा," मी म्हणाले, आणि वॉर्डातल्या माणसांची नावं एकेक करून घेऊ लागले.