चार तारा आणि तीन खुणा

संगीत हे कानाचे शास्त्र खरे. परंतु ते शिकविताना डोळ्यांचे साहाय्य घेण्याची परंपरा ख्रिस्तसभेत फार जुनी आहे. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने संत योहान बाप्तिस्ता याच्या स्तोत्रातील आद्य अक्षरांवरून स्वरांना नावे दिली. हाताच्या पेरांवर स्वर दाखविण्याची पद्धतही त्याच्याच नावाने ओळखली जाते. गुरूचा तळहात हाच तेव्हा फळा! आपल्याकडे पंडित भातखंडे यांनी कोमल स्वराखाली रेघ आणि तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू दिला, तोही ऐकू येणारे डोळ्यांना दिसावे म्हणूनच.

लोणी काळभोर येथे रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांना युकुलेले शिकविताना आम्हांला या परंपरेचे स्मरण झाले. तुकोबांची पालखी जेथे मुक्कामाला येते, त्या गावच्या मुलांना टाळ-मृदंग परिचयाचे. हे वाद्य मात्र अनोळखी. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून हवाईच्या ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या मजुरांनी सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यातून ते जन्मले. आमची निम्मी मुले मजुरांचीच. त्यांना ही हकीकत विशेष भावली.

अडचण होती ती कॉर्डच्या आकृतीची. आकृतीत तारा उभ्या, मुलांच्या हातांत वाद्य आडवे. म्हणून आम्ही फळ्यावरील आकृतीशेजारी युकुलेले उभे धरले. चार रेघा आणि चार तारा समोरासमोर आल्या व पुष्कळसे कोडे सुटले. मग वाद्याच्या दांडीवर रंगीत कागदाचे ठिपके चिकटविले. सी कॉर्डसाठी ए तारेवर तिसऱ्या घरात एक बोट. ए मायनरसाठी जी तारेवर दुसऱ्या घरात एक बोट. तेच बोट तसेच ठेवून ई तारेच्या पहिल्या घरात दुसरे टेकविले की एफ.

तरीही एक मुलगा सतत शेजाऱ्याची बोटे न्याहाळी. मठ्ठ म्हणून त्याला वर्गातून काढण्याचे त्याच्या वडिलांनी ठरविले होते. विचारपूस करता कळले, की त्याला तांबडा व हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. तेव्हा रंगांना आकारांची जोड दिली : सीला वर्तुळ, ए मायनरला त्रिकोण, एफला चौकोन. पुढच्याच रविवारी त्याची बोटे शेजाऱ्याची वाट न पाहता चालू लागली. वडील दारात उभे राहून ऐकत होते. काढण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

काही आठवड्यांनी आम्ही खुणा एकेक करून काढल्या. मुले कुरकुरली; परंतु बोटांना घरे सापडली होती. खुणेचे कार्य योहान बाप्तिस्त्यासारखे असते : वाट दाखवावी आणि नम्रपणे बाजूला व्हावे. पालकहो, आपल्या मुलाला एखादी गोष्ट दिसत नसेल, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी खूण बदलून पाहावी, एवढीच आमची विनंती.