मुलाचे हृदय आणि आईचेही

बुद्धीने मंद असे मूल घरात असले, की शेजारीपाजारी त्याच्या आईकडे बोट दाखवितात. गरोदरपणी तिने ग्रहण पाळले नाही, कोणाचा तळतळाट भोवला. एक ना दोन! आपण ख्रिस्ती लोक ग्रहण मानीत नाही खरे. पण ही कुजबूज मी इगर्जीच्या पायऱ्यांवरही ऐकली आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला.

विज्ञानाचे उत्तर काय, हे एका दुर्मिळ व्याधीवरून नीट समजते. मॉरिस डॅनन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली १६ वर्षांच्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. तरी दोघांची बुद्धी मंद, हातापायांचे स्नायू दुबळे, हृदय मोठे झालेले. हाच डॅनन रोग. त्याचे मूळ २००० साली सापडले. पेशीतील जुना, निकामी माल पचविणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आवरणातील ‘लॅम्प-२’ या प्रथिनाच्या जनुकातच खोट असते. मग माल साचत जातो, हृदयाचा स्नायू बहुधा जाड होतो आणि पुढे थकतो.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याजवळ ते एकच, म्हणून त्याला कोवळ्या वयातच त्रास होतो. आईजवळ दोन, दुसरे निरोगी सूत्र तिला सांभाळते, पण काही काळच. तिचेही हृदय पुढे प्रौढ वयात खालावू शकते. ज्या माउलीला जग दोष देते, तीच रोगी असते, आणि हे कोणाच्या ध्यानीही येत नाही! कधी कधी तर ही खोट आईकडून न येता मुलातच नव्याने उपजते.

प्रत्येक मंद मुलाला हा रोग असतो, असे मुळीच नव्हे. परंतु असे मूल चार पावले धावून धापा टाकू लागले, त्याला भोवळ आली, छाती धडधडली, तर त्याला आळशी म्हणू नये. इस्पितळात नेऊन हृदयाचा आलेख व इको करवून घ्यावा. रोग समूळ जात नाही; पण ठोके बिघडल्यास उपाय आहेत, आणि काहींना हृदयारोपणाने आयुष्य लाभले आहे.

निदान ठरले, की बहिणी, मावश्या, मामा यांचीही तपासणी व्हावी. आई म्हणेल, “माझे राहू द्या, आधी त्याचे पाहा.” तिचे ऐकू नये. त्याच दिवशी तिचाही आलेख काढून घ्यावा. पाच-दहा मिनिटांचेच काम असते.