वहीतला शेवटचा रकाना

नोकरी सोडून स्वतंत्र कामाला लागले, याला कुणी धाडस म्हटलं की मला ओशाळायला होतं. धाडस त्यात फारसं नव्हतंच. होती ती आकडेमोड, आणि तीही आमच्याकडे प्रुफं तपासायला येणाऱ्या काकांनी माझ्याकडून करून घेतलेली.

पुण्यात एका प्रकाशनाच्या कचेरीत मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करायचे. रात्री घरी बाहेरची कामं. जुलै ते ऑक्टोबर आमच्या धंद्यात उसंत नसते. दिवाळी अंक असतातच, शिवाय सहकारी संस्थांना 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे पतसंस्थांचे अहवालही नेमके तेव्हाच येऊन पडतात. त्या वर्षी बाहेरच्या कामांनी पगाराला मागे टाकलं आणि माझं ठरलं. राजीनाम्याचा कागद शुद्धलेखनासाठी मी काकांकडेच दिला.

त्यांनी एक वेलांटी सुधारली आणि विचारलं, “अगं, आणि दिवाळीनंतर काय?”

दिवाळीनंतरचा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पिशवीतून वही काढली. जन्मभर त्यांनी पानामागे पैसे घेऊनच काम केलेलं. लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या त्या वहीत चार रकाने होते : काम, बिलाची तारीख, रक्कम, पैसे आल्याची तारीख. “रक्कम बघू नकोस, शेवटचा रकाना वाच,” म्हणाले. ऑगस्टच्या बिलाचे पैसे फेब्रुवारीत. एका स्मरणिकेचे तर पुढच्या गणपतीत. काही घरं कोरीच. लघुउद्योजकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006चा कायदा सांगतो. काकांच्या वहीला त्याची खबर नव्हती. कोऱ्या घरांसमोरची नावं मला दिसू नयेत म्हणून पान उलटताना ते तिथे अंगठा ठेवत.

मग माझी सॅलरी स्लिप मागवली. पीएफमध्ये माझ्या 12 टक्क्यांइतकाच मालकाचाही वाटा पडतो, हे मी दरमहा वाचत होते आणि कधी मोजत नव्हते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, माझी साडेचारही झाली नव्हती. प्रुफाच्या पाठकोऱ्या बाजूवर काकांनी मांडलं : मूळ पगार 20,800, भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5. साठ हजार रुपये. कागद माझ्याकडे सरकवून ते पुन्हा गॅली वाचायला लागले.

आईचा विमा कचेरीच्या सामूहिक पॉलिसीत होता आणि तिला मधुमेह. वेगळ्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तेव्हा चार वर्षांपर्यंत थांबावं लागे (आता ही मर्यादा तीनवर आली आहे). “पॉलिसी आजच काढ,” काका म्हणाले. “मोजणी तरी सुरू होईल.”

सोड किंवा सोडू नकोस, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. शेवटी मी वैतागून विचारलंच, “तुम्ही कसं निभावलंत मग?”

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. “तुझी काकू नगरपालिकेच्या शाळेत होती. एक तारखेचा पगार तिचा. माझं स्वतंत्र काम तिच्या नोकरीवर चाललं. हे वहीत नाही लिहिलेलं.”

कचेरीत सगळे काकांना स्वाभिमानी माणूस म्हणून ओळखत. मीही त्यांच्याकडे बघूनच नोकरी सोडायला निघाले होते. आपल्या स्वाभिमानाचा खर्च कुणी उचलला, हे त्यांनी मला न सांगतासुद्धा चाललं असतं.

राजीनामा टेबलाच्या खणात गेला. पाच वर्षं पुरी केली, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकला. निघताना मालकांनी वर्षभराची काही पुस्तकं मलाच द्यायचं कबूल केलं. माझ्या कामाची पावती समजून मी खूश होते. काका आधी जाऊन बोलून आले होते, हे फार उशिरा कळलं. पहिल्या हिवाळ्यात काम आटलं तेव्हा त्यांनी दोन प्रबंध माझ्याकडे पाठवले. दलाली देऊ केली तर रागावले.

आता माझीही वही आहे, रकाने तेच. काकांच्या डोळ्यांना बारीक टाइप सोसत नाही. दर दिवाळीला मी मांडणी केलेल्या अंकांचा गठ्ठा घेऊन जाते, तो मात्र अलीकडे काकूंच्या हाती देते. ऋणाचा हिशेब मांडायचा तर तो त्यांच्या एक तारखेपासून मांडायला हवा. काकूंना हे मी बोलून दाखवलेलं नाही. त्या अंक घेतात आणि उभ्याउभ्याच वार्षिक राशिभविष्याचं पान काढतात.