आप्पांचं एकशेदहा

“बाबा, तुमचं रेल्वेचं ज्ञान आता जुनं झालं.” शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने माझ्या वडिलांना भर गिऱ्हाइकांत हे ऐकवलं आणि चारचौघं हसले. आप्पा विसरले असतील. माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही.

आप्पांची सगळी नोकरी दौंडला गेली, रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्या-पंख्यांच्या कामावर. निवृत्त झाल्यावर न्हावऱ्याकडच्या आमच्या वस्तीवर राहायला आले. दादा न्यू जर्सीत असतो. आप्पांना हल्ली वाचायला चांगला उजेड लागतो म्हणून मागच्या खेपेला त्याने तिकडून टेबल लॅम्प आणला. पितळी दांडा, हिरव्या काचेची टोपी आणि कागदात वेगळा गुंडाळलेला 60 वॉटचा बल्ब. जाताना म्हणाला, शिरूरला कन्व्हर्टर मिळेल, तेवढा आणा.

आप्पांनी बल्ब भिंगाखाली धरला. काचेवर 120 व्ही छापलेलं. “हा घरात नाही चालायचा,” ते म्हणाले, “आमच्या डब्यात मात्र छान लागला असता.” साध्या डब्यांतले दिवे-पंखे 110 व्होल्ट डीसीवर चालायचे. चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डब्याखाली अल्टरनेटर फिरायचा, तो बॅटऱ्या भरायचा आणि गाडी थांबली की त्याच बॅटऱ्यांवर दिवे जळायचे. दोन व्होल्टचे 56 सेल एकापुढे एक जोडले की झाले 110 च्या आसपास. डब्यातले बल्ब चोरणाऱ्यांच्या घरी ते लावताक्षणी उडायचे, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. लोक म्हणतात रेल्वेने चोरी थांबवायलाच 110 ठेवलं. आप्पांना ते मुळीच मान्य नाही, त्यांच्या मते सगळा हिशेब बॅटरीचा.

अमेरिकेत एडिसनच्या काळापासून जे एकशेदहाचं वळण पडलं ते 120 वर येऊन थांबलं. जपान 100 वर आहे, आपण 230 वर. बल्बच्या तारेला एसी-डीसीचं काही देणंघेणं नसतं, तिला दाब तेवढा कळतो. दाब दुप्पट झाला की वॉट चौपट. 120 चा 60 वॉटचा बल्ब 230 वर लावला तर हिशेबाने 220 वॉट ओढेल, म्हणजे क्षणात तार तुटणार. उलट बाजूने आईच्या हौसेचं उदाहरण आहे. तिने दिवाळीला वायर-होल्डर-बल्बसकट आकाशकंदील न्यू जर्सीला पाठवला होता. तिथे आपला 40 वॉटचा बल्ब निखाऱ्यासारखा नुसता लाल दिसायचा, आणि आपल्या पिनच्या होल्डरात तिकडचा आट्यांचा बल्ब बसेना. शेवटी दादाने होल्डर कापून तिकडचा लावला.

तर आम्ही लॅम्प घेऊन शिरूरला गेलो. आप्पांनी सरळ स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मागितला, 230 चा 110 करणारा. दुकानदाराने एक पांढरा चौकोनी ठोकळा काउंटरवर टाकला. “हा घ्या कन्व्हर्टर. इंटरनॅशनल आहे. व्होल्टेज आतच कमी होतं.” आप्पांनी तो तळहातावर घेऊन जोखला. काडेपेटीला असावं तेवढं वजन. “भाऊ, हे नुसते पिना बदलायचं आहे. आत लोखंडाची पाती आणि तांब्याचे वेढे असते तर हाताला लागले असते. साठ वॉटचा ट्रान्सफॉर्मर इतका हलका नसतो.” किती साधं, किती नेमकं बोलले! त्यावर ते जुन्या ज्ञानाचं उत्तर आलं. वर, “आता सगळं चिपमध्ये असतं बाबा.”

मी म्हटलं, लॅम्पवर काय लिहिलंय ते तरी वाचा. त्याने वाचलं नाही. आप्पा “लावू नको, लावू नको” म्हणत असताना त्याने लॅम्प आपल्याच बोर्डात खुपसला आणि बटण दाबलं. पांढराशुभ्र लखलखाट झाला, आतून टक्कन आवाज आला, काच आतल्या बाजूने काळी पडली आणि दुकानाचा एमसीबी खाली आला. दोन क्षण कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “बल्बच फॉल्टी होता.”

बल्ब फॉल्टी! माझा संताप झाला. चुकलो, एवढं म्हणाला असता तर मी निमूट घरी आले असते. उलट कन्व्हर्टर उघडून वापरला म्हणून त्याचे अडीचशे रुपये मागितले, इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही म्हणाला. मी भांडायला तोंड उघडलं तर आप्पांनी खिशातून पैसे काढून ठेवलेसुद्धा. पावती मागितली तर पावतीपुस्तक संपलेलं. ज्या माणसाने पावसापाण्यात, रात्री-अपरात्री डब्याखाली वाकून दिवे चालते ठेवले, त्याने आपण बरोबर असताना वर पैसे भरायचे? म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची रीतच राहिली नाही. मोबाइल चालवता येत नाही म्हणजे त्याला ओहमचा नियमही कळत नाही असं धरूनच चालतात.

घरी आल्यावर आप्पांनी लॅम्प खोलला. होल्डरच्या पितळेवर बारीक अक्षरं उठवलेली होती: 660 डब्ल्यू, 250 व्ही. “बघ,” म्हणाले, “होल्डर 250 ला धड आहे. अडचण बल्बचीच होती.” तिकडच्या होल्डरात आपल्याकडचा आट्यांचा 230 चा एलईडी बसतो. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दांडा पितळी, वायर दोनच तारांची, अर्थिंग नाही. ती काढून तीन तारांची ओवली, अर्थ दांड्याला बांधला आणि तीन पिनांचा टॉप लावला. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना माझं सांगणं आहे की साधा लॅम्प आला तर आधी होल्डर वाचा आणि बल्ब इथला लावा. ज्याला हात लावून उजेड कमीजास्त होतो, त्या लॅम्पात जास्तीची सर्किटं असतात, त्याला हे लागू नाही.

आमच्याकडे तर 230 हाच आकडा कागदावरचा. नियमाने त्यात सहा टक्के इकडेतिकडे चालतं. पण रात्री थ्री फेज आली आणि एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आप्पांचा मीटर 170 दाखवतो. तारेच्या बल्बचे वॉट तिथे हिशेबाने निम्म्याच्या जवळ येतात आणि उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. बाहेर उसात बिबट्या, आणि शेतकऱ्याने त्या मिणमिणत्या उजेडात पाणी धरायला जायचं. दिवसा वीज द्या, ही शिरूरच्या शेतकऱ्यांची मागणी काही चैनीची नाही. एलईडीने निदान घरातलं भागतं, आतला ड्रायव्हर पडता दाब सांभाळून घेतो.

तो एलईडी आप्पांनी त्याच दुकानातून आणला. मी चिडले तर म्हणाले, त्याचं अगदीच चूक नाही, तो दिवसभर चार्जर विकतो. आणि हेही खरंच आहे. लॅपटॉपच्या चार्जरवर 100 ते 240 लिहिलेलं असतं, त्याला नुसत्या पिना बदलल्या की पुरतं. त्या पोराने आजवर तेवढंच पाहिलं असेल. हे मला पटतं. पण माहिती नसणं वेगळं आणि वडीलधाऱ्यावर लोकांना हसवणं वेगळं, ते मी सोडणार नाही. मी त्या दुकानाची पायरी चढत नाही, एवढ्याशा फ्यूजच्या तारेसाठी थेट दौंडला जाते. आप्पा मात्र दर बाजाराला तिथे टेकतात. मागच्या आठवड्यात त्याला ट्रान्सफॉर्मरची पाती कशी ओळखायची ते सांगून आले म्हणे.