परतीची वेळ

आमच्या रत्नागिरीत कुणी पायात बूट घालून, हातात काठी घेऊन घराबाहेर पडलं की पहिला प्रश्न येतो, "बाई, कुठं निघालात?" "चालायला" म्हटलं की लगेच दुसरा, "हो, पण कुणाकडे?"

चालणं कोकणाला नवीन नाही. पाखाडी चढून देवळात जायचं, घाटी उतरून आगरात जायचं, साकव ओलांडून पलीकडच्या वाडीत जायचं. पण त्या प्रत्येक चालण्याला काम असतं. महर्षी कर्वे १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, दापोलीजवळच्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले ते परीक्षेसाठी. वयाने लहान दिसतो म्हणून तिथे परीक्षेला बसूच दिलं नाही, तेव्हा बिचारे तसेच परत आले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाले. त्या पायपिटीला कुणी ट्रेक म्हटलं नाही. काही काम नसताना डोंगर चढायचा आणि हात हलवत खाली यायचं, हे आमच्या पिढीच्या डोक्यात सहज बसत नाही.

मी डोंगरात जायला सुरुवात केली ती सत्तरी उलटल्यावर. गेल्या महिन्यात आमच्या भाचेसुनेच्या आईने फोनवर विचारलं, "मला जमेल का हो? सुरुवात कशी करायची?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं, पण मनाचं समाधान झालं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात घराजवळून करावी. मी रत्नदुर्गापासून केली. नोकरीच्या काळात शाळेच्या सहली घेऊन तिथे कितीदा तरी गेले असेन, पण लक्ष सगळं मुलांची डोकी मोजण्यात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला, तिन्ही बाजूंनी समुद्र, भगवती देवीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी आणि पेठ किल्ला असे त्याचे तीन भाग, हे सगळं निवांतपणे पाहिलं ते निवृत्तीनंतर. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला, शेजारच्या मैत्रिणीबरोबर. पहिले पंधरा दिवस अर्ध्या चढावरून परत फिरायचो. चढताना बोलता आलं पाहिजे, एवढा एकच नियम. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. आम्ही दोघी शिक्षिका, त्यामुळे वाक्य तुटलं की ताबडतोब कळायचं.

मग सडा. रत्नागिरीच्या माणसाला सडा म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्या मंडळींसाठी सांगते. टेकडीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं मोकळं, सपाट पठार म्हणजे सडा. गुडघ्यांना चढाचा त्रास नाही, पण झाड नाही म्हणून ऊन फार. पाऊस सरताना हाच काळा कातळ फुलांनी भरून जातो. सीतेची आसवं, कवला, पांढरे गेंद. उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. अशा कोकणातल्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. मात्र सड्यावर बसताना दगड काठीने ठोकून, नीट पाहून बसावं. फुरसं मातीच्या रंगाचं असतं, पटकन दिसत नाही. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही.

हे झालं चालण्याचं. पण सगळ्यांत महत्त्वाचं काय शिकले असं विचाराल, तर परत फिरायला शिकले.

चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड, असं आपल्याला वाटतं. खरं कठीण काम उतारावर असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, आणि गुडघ्यावर चढापेक्षा जास्त भार येतो. त्यात आपल्या जांभ्यावर कुठे शेवाळ, कुठे पायाखाली गोट्यांसारखी गडगडणारी बारीक खडी. म्हणजे ताकद संपत आलेली असते, नेमकं तेव्हा अवघड काम पुढे उभं राहतं. म्हणून वर पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त ताकद खर्च करायची नाही. पाण्याचंही तसंच. निम्मं पाणी संपलं की तोंड घराकडे.

वेळेचा हिशोब मी कागदावर करते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी १८९२ साली त्यासाठी एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा, वाट चार किलोमीटर आणि चढ तीनशे मीटर. अठ्ठेचाळीस मिनिटं अधिक तीस, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिनिटं. हा झाला धडधाकट माणसाचा हिशोब. मी त्याची दुप्पट करते, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. त्यावरून परतीची वेळ ठरवते आणि घरातून निघण्याआधी चिठ्ठीवर लिहून भाचेसुनेकडे देते. डोंगरात गेल्यावर ही वेळ बदलायची नाही. तिथे मन लबाड होतं.

त्याची खरी परीक्षा झाली माचाळला. माचाळ हे लांजा तालुक्यातलं सह्याद्रीच्या अंगावर वसलेलं गाव, दरीपलीकडे विशाळगड. पूर्वी तिथे पायीच जावं लागे, आता गाडी जाते. मुचकुंदी नदीचा उगम या परिसरातला. मी कित्येक वर्षं भूगोलाच्या तासाला मुलांकडून घोकून घेतलं, मुचकुंदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. पूर्णगडाची खाडी अनेकदा पाहिलेली, उगमाकडे मात्र कधी गेले नव्हते. तिथे मुचकुंद ऋषींची गुहा आहे. कृष्णाने कालयवनाला चकवून आत नेलं आणि झोपलेल्या मुचकुंदाला लाथ मारून कालयवन भस्म झाला, ती गोष्ट. ती गुहा पाहायचीच, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं.

दसऱ्यानंतरचे दिवस. गवत कमरेएवढं. बरोबर गावातला एक मुलगा वाट दाखवायला. परतीची वेळ ठरलेली साडेअकरा, कारण ऑक्टोबरात दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग जमतात आणि विजा, गडगडाट, पाऊस. साडेअकरा वाजले तेव्हा गुहा आली नव्हती. मुलगा म्हणाला, "आजी, आता पंधरा मिनिटं फक्त." गावातल्या मुलाची पंधरा मिनिटं म्हणजे आमची किती, याचा हिशोब त्याच्याकडे नव्हता. विशाळगडाच्या बाजूला ढग दिसत होते, फार नाहीत. मैत्रीण काठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "अगं, पंधरा मिनिटांसाठी? पुन्हा कधी येणार आहोत आपण?"

विशीतल्या माणसाला परत फिरणं सोपं. डोंगर कुठे पळून जातो, पुढच्या वेळी येऊ, असं त्याला म्हणता येतं. सत्तरीनंतर हे वाक्य तोंडातून निघत नाही. डोंगर तिथेच राहणार असतो, आपलं सांगता येत नाही. मी तिला म्हटलं, "कदाचित नाही येणार. पण चल." ती काही बोलली नाही. आम्ही वळलो.

पाऊस आलाच नाही. गाडीपाशी पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. डबा खाताना मैत्रिणीने एकदा आकाशाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. पुढच्या वर्षी ती मुलाकडे पुण्याला कायमची राहायला गेली. फोनवर अजून म्हणते, "तुझ्या त्या साडेअकरानं माझा मुचकुंद राहिला."

राहिला, हे खरं. पण पाऊस आला नाही म्हणून आमचा निर्णय चुकला, असं मी मानत नाही. साडेअकराला आम्हाला जेवढं कळत होतं त्यावरून तो बरोबर होता. पाऊस आला असता तर तो जास्त बरोबर ठरला असता असंही नाही. विद्यार्थ्याने रीत बरोबर मांडली असेल तर तिचे गुण द्यायचे, हे आम्ही वर्गात करतच होतो. डोंगरात मात्र लोक फक्त उत्तर तपासतात. वर पोचलात का? नाही? मग काय उपयोग?

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. तळव्याला खाचा असलेले बूट घ्या, काठी घ्या, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, एकटं जाऊ नका, कुठे जाता ते घरी सांगून जा. आणि पहिल्या महिन्यात एकदा तरी, काही त्रास होत नसताना, ठरलेली वेळ झाली म्हणून माथा दिसत असताना परत फिरून बघा. किती जड जातं ते कळेल. ते एकदा जमलं की पुढचे डोंगर तुमचेच.

मी आता चौऱ्याहत्तरची आहे. यंदा दिवाळीनंतर माचाळला पुन्हा जायचा विचार आहे, बरोबर भाचेसून येते म्हणाली आहे. परतीची वेळ या खेपेलाही साडेअकराच. निघायची वेळ मात्र एक तास अलीकडे आणली आहे.

तुमच्याकडची सुरुवातीची टेकडी कोणती, तेही कळवा.